हवालदारबाई दहा पावलं लांब जातात

"शब्द सांग," मुलगी म्हणाली.

"अगं, मी बाबा बोलतोय."

"ते कुणीही म्हणेल. शब्द सांग."

आवाज तिचाच होता. सर्दीने बसलेला, शेवटचं अक्षर गिळणारा. फक्त त्यात मी नव्हतो. नऊ वर्षांत तिच्या आवाजात मी नाही असं कधी झालं नव्हतं. रागावलेली असली तरी त्या रागात मी असायचो. आता ती दारावर आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशी बोलत होती, साखळी न काढता. मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर फोन कानाला लावून बसलो होतो. समोरच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता, बशीएवढा, कडेला पिवळा. तासभर मी त्याच्याकडेच पाहत होतो, कारण असे डाग कुठून येतात हे मला कळतं. वरच्या मजल्यावर मोरीच्या नळीचा जोड ढिला आहे. एवढं मला कळत होतं. शब्द मला माहीत नव्हता.

काय झालं ते आधी सरळ सांगून टाकतो, पुढे मला सरळ सांगता येईलच असं नाही. बायको वाचनालयात काम करते. दुपारी तीनच्या सुमारास ती पुस्तकांच्या शिडीवरून पडली, टेबलाच्या कडेवर, डाव्या कुशीवर. उठून बसली, पाणी मागितलं, "काही नाही झालं, उगाच बघत बसू नका" म्हणाली आणि पांढरी पडली. पोटात रक्त साचत होतं. प्लीहा फाटली आहे, डॉक्टर म्हणाले, आणि चार वाजून दहा मिनिटांनी तिला आत नेलं. मला म्हणाले, इथून हलायचं नाही, कधीही सही लागेल, कधीही रक्त आणायला सांगू. शाळा पाचला सुटते. मुलीला रोज बायको आणते. या शहरात आम्हाला चौथं माणूस नाही. माझी बहीण आहे, ती सहा तासांवर. पाकिटात एक कार्ड होतं, पोलीस ठाण्याच्या जनजागृती कक्षातल्या हवालदारबाईंचं, शाळेत पालकांना वाटलेलं. नंबराखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: अडलं तर फोन करा, लाजू नका. मी लाजलो, पण केला. लाजायला कारण होतं, ते पुढे येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "निघाले" एवढंच म्हणाल्या, आणि पाचला दहा कमी असताना शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. आता त्यांच्याच फोनवरून माझी मुलगी मला तो शब्द विचारत होती, जो आमच्या घरात, आमच्या टेबलाशी, जेवताना ठरला होता. मी तिथे होतो.

होतो म्हणजे बसलो होतो.

मी पाणीखात्यात आहे. जमिनीखालची गळती शोधतो. पाच फूट लांबीची लोखंडी काठी असते, एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला वाटी, ती कानाला. पहाटे रहदारी नसताना गल्लीगल्लीतून काठी टेकवत जायचं. भरलेला पाइप गुणगुणतो, फुटलेला सुसकारे टाकतो, वाळूत झिरपणारं पाणी कापड फाडल्यासारखं वाजतं. बावीस वर्षांत माझा अंदाज एका हाताच्या आत बरोबर आलेला आहे. खात्यात मला नावाने कुणी हाक मारत नाही. "कान आले का?" असंच विचारतात. बायको म्हणते, "हो ना, आणि संध्याकाळी कान तिथेच खुंटीला टांगून घरी येतात." हे ती हसून म्हणते. बरीच वर्षं हसून म्हणते आहे.

"बाबा असशील तर तुला माहीत असेल," मुलगी फोनवर म्हणाली. आणि मग, नियम वाचून दाखवावा तसं: "तीनदा विचारणार. तीनदा चुकला की तो माणूस खोटा."

हा नियम तिचा नव्हता, हवालदारबाईंचा होता. गेल्या सत्रात त्या शाळेत आल्या होत्या. पालकांनीही यावं अशी चिठ्ठी होती. बायकोला सुट्टी नव्हती म्हणून मी गेलो, अर्धा तास उशिरा, बुटांना रस्त्याचा चिखल घेऊन. सभागृहात दोनशे मुलं खाली बसलेली आणि समोर एक ठेंगण्या, पन्नाशीच्या बाई, खाकी कपड्यात, टोपी टेबलावर उलटी ठेवलेली, टोपीत खडू. त्या मुलांना विचारत होत्या, "माझ्या अंगावर हे कपडे आहेत. म्हणजे मी पोलीस. बरोबर?" दोनशे मुलं ओरडली, "बरोबर!" "चूक," त्या म्हणाल्या. "हे कपडे शिंपी शिवतो. मापं दिली की तुमच्या मास्तरांनाही शिवून देईल." हशा झाला, मास्तर उगाच पोट आत घेऊन उभे राहिले. तेवढ्यात मी दारातून शिरलो आणि त्यांना हवा तो माणूस सापडला. "या, उशिरा आलेले बाबा, या पुढे. काय काम करता? मोठ्याने सांगा." मी म्हणालो, पाणीखात्यात आहे. उशीर का झाला? बस चुकली, चालत आलो. आमचं सभागृह कसं वाटलं? मी म्हणालो, डाव्या भिंतीत गळती आहे. पुन्हा हशा. मला वाटलं, बाई मजा करताहेत. त्या मजा करत नव्हत्या, ऐकत होत्या. मान किंचित कलती, डोळे माझ्यावर नाहीत, कुठेतरी जमिनीवर. ही मान मी ओळखायला हवी होती. काठी लावल्यावर माझी अशीच होते.

त्यांनी मला व्हरांड्यात चहा घ्यायला पाठवलं. दहाएक मिनिटं गेली असतील. मी पेला हातात घेऊन उभा होतो आणि मला आत मी बोलताना ऐकू आलो.

"बाळा, बाबा बोलतोय. आई दवाखान्यात आहे. मला येता येत नाही. बाहेर एकजण आलेत, त्यांच्याबरोबर ये."

हे नीट सांगायला हवं. ती नक्कल नव्हती. नक्कल ऐकली की आपण हसतो, आणि मी हसलो नाही. माझा आवाज माझ्याशिवाय आत काम करत होता, माझ्या मुलीला बाळा म्हणत होता, आणि मी बाहेर हातात पेला धरून नुसता उरलेला होतो. क्षणभर मला खरंच वाटलं, दवाखान्यात कोण आहे? मग दार उघडलं आणि माझी मुलगी बाहेर आली, दप्तर एका खांद्यावर, पाण्याची बाटली छातीशी धरलेली, चेहरा पांढरा. तिने मला पाहिलं. माझ्या हातातला चहा पाहिला. तिच्या मागे दोनशे मुलं हसली. पडद्याआडून हवालदारबाई आल्या, त्यांच्या हातात ध्वनिक्षेपक होता, आणि त्या हसत नव्हत्या. "हसू नका रे," त्या म्हणाल्या, "तुमच्यातले किती उठले असते ते मला माहीत आहे." मग सांगितलं, घरी जाऊन एक शब्द ठरवा. फक्त घरातल्यांना माहीत असलेला. मांजराचं नाव नको, लाडाचं नाव नको, ते शेजाऱ्यांनाही माहीत असतं. फोनवर आवाज ओळखीचा असला तरी शब्द मागा. कपडे पोलिसाचे असले तरी शब्द मागा. आजीने पाठवलंय म्हणाले तरी शब्द मागा. तीनदा मागा, आणि एकदा कामाला आला की तो शब्द जळाला, दुसरा ठरवा.

घरी येताना मुलगी एकच वाक्य बोलली, "मी फसले." मी त्या संध्याकाळी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं, प्रत पोलीस ठाण्याला. माझ्या मुलीचा चारचौघांत तमाशा केला, हे शिक्षण नव्हे, वगैरे. अक्षर चांगलं काढलं होतं. मला लाजायला कारण होतं ते हे. आज दुपारी मी फोनवर नाव सांगितलं तेव्हा पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मला कळलं की त्यांना पत्र आठवलं. आणि मग त्या म्हणाल्या, "निघाले."

"ठिपकी," मी म्हणालो. आमच्या जिन्यात येणारी मांजर.

मग मुलगी, फोनपासून तोंड लांब नेऊन, दुसऱ्या कुणाला तरी: "चुकलं. एक."

मांजराचं नाव नको. बाईंनी सांगितलं होतं, माझ्यासमोर सांगितलं होतं. माझ्या मागे थिएटरचं दार उघडलं, हिरव्या कपड्यातली एक नर्स बाहेर आली, माझ्याकडे न पाहता ट्रे घेऊन गेली. ट्रेवर काय होतं ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही. दाराच्या फटीतून आतल्या यंत्राचा आवाज आला, एका लयीत, टिक टिक नव्हे, त्यापेक्षा मऊ. मी त्या लयीला धरून राहिलो. दार मिटलं. मला वाटलं, बायको आत आहे आणि शब्द तिच्यापाशी आहे. ती जागी असती तर एका क्षणात सांगितला असता, आणि वर म्हणाली असती, "तुला कसा माहीत असेल?" या घरात काय कुठे ठेवलंय, मुलीच्या बाईंचं आडनाव काय, ताप आला की कोणती बाटली, सगळं तिच्यापाशी आहे आणि मी त्याच्यावर नळाच्या पाण्यासारखा अवलंबून राहिलो. उघडलं की येतं. मागे पाइप किती लांबचा आहे ते फुटल्यावर कळतं. आणि हे मी म्हणावं, पाणीखात्यातल्या माणसाने.

"खारूताई," मी म्हणालो. बायको मुलीला असं म्हणते, वेणी घालताना.

"चुकलं. दोन." या वेळी आवाज थरथरला. आणि मला जास्त भीती त्याची वाटली. ती माझी परीक्षा घेत नव्हती, ती घाबरली होती. शाळा सुटून गेलेली, फाटकात एक गणवेशातली बाई, फोनवर बाबांच्या आवाजात बोलणारा एक माणूस, आणि तेच वाक्य, शब्दाला शब्द तेच: आई दवाखान्यात आहे, मला येता येत नाही, त्यांच्याबरोबर ये. मी ते वाक्य बोललो तेव्हा मला कळलंच नाही की ते आधी कुणीतरी माझ्या आवाजात बोलून ठेवलं आहे. एक गोष्ट मात्र मला खुपत होती. फोन सुरू झाल्यापासून तिने आईबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. काय झालं, कुठे लागलं, काही नाही. मी मनाशी म्हणालो, एवढी कशी दगड झाली ही पोर?

मी म्हणालो, हवालदारबाईंना दे.

"बोला, पाणीवाले," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही तिला घेऊनच या. मी तुम्हाला परवानगी देतो, लेखी देतो. तिच्या बाईंना सांगा."

मागून तिच्या वर्गाच्या बाईंचा आवाज येत होता, "अगं, प्रत्यक्ष पोलीस आल्यात, मी सांगतेय ना, जा आता शहाण्यासारखी." आणि शाळेच्या शिपायाचा, किल्ल्या खुळखुळवत: "ताई, मला फाटक लावायचंय हो. साडेपाच झाले."

"लावा की," हवालदारबाई त्याला म्हणाल्या. "आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसतो. पायरीला कुलूप नाही ना?" मग मला म्हणाल्या, "ऐका. घेऊन येता येईल. मी हात धरला तर ती येईलही, रडत येईल. पण मग उद्या दुसऱ्या कुणी हात धरला तरी येईल. दोनशे पोरांपुढे मी तिला फसवलं, त्यातून ती हे एवढं शिकली. ते मीच मोडू?"

"तिची आई आत आहे हो."

"माहीत आहे. म्हणून तर म्हणते, घाई करू नका. मी इथेच आहे. दिवेलागणी झाली तरी इथेच आहे. तिला डबा दिलाय, तो खाल्ला नाही, म्हणाली अनोळखी माणसाकडून खात नाही. शाबास म्हटलं आणि मीच खाल्ला."

मला हसू आलं. मी म्हणालो, "बाई, मी तुमच्याविरुद्ध पत्र लिहिलं होतं."

"आहे ना, फायलीत आहे. बरोबर लिहिलंत. मुलाला त्याच्या घरच्यांच्या आवाजात फसवायचं नाही, हे मला सुचायला हवं होतं. आता मी मुख्याध्यापकांचा आवाज काढते. पोरं तितकी हलत नाहीत, पण कुणाचं तोंड पांढरं पडत नाही." आणि मग, खालच्या आवाजात: "तुमच्या पोरीचं तोंड मी विसरले नाही. म्हणून निघाले म्हटलं."

त्यांच्या ठाण्यात त्यांच्या कक्षाला काय म्हणतात ते मला नंतर कळलं. बालवाडी. "बालवाडी निघाली का?" खडूची टोपी, पुठ्ठ्याचा सिग्नल, चार भित्तिपत्रकं आणि एक जुना ध्वनिक्षेपक घेऊन त्या वर्षाला दीडशे शाळा करतात, म्हाताऱ्यांची मंडळं करतात, कामगारांच्या वस्त्या करतात. कुणाला पकडत नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव कुठे येत नाही. जे घडलं नाही त्याची बातमी होत नाही. आमच्या खात्यातही हेच आहे: रस्ता फुटून पाणी वर आलं की लोक जमतात, फोटो निघतात, ज्या पहाटे मी काठी टेकवून एक जोड वेळेवर बदलायला लावला त्या पहाटे शहर नुसतं झोपलेलं असतं. हे मी बाकावर बसून विचार करत होतो असं मला आता वाटतं. तेव्हा कदाचित मी फक्त डागाकडे पाहत होतो.

"काय आठवतंय तुम्हाला?" हवालदारबाईंनी विचारलं.

"काही नाही. मी प्रयत्न करतोय, पण..."

"प्रयत्न करू नका. मी अकरा वर्षं नियंत्रण कक्षात फोन घ्यायचे. घाबरलेल्या माणसाला काही आठवत नाही, स्वतःचा पत्ता आठवत नाही. एकदा एका बाईला घरात कोंडून ठेवलेलं, नवीन गावात आलेली, कुठे आहे तेच माहीत नाही. मी विचारलं, आठवू नका, ऐकू काय येतंय ते सांगा. म्हणाली, पिठाची गिरणी. अजून? शाळेची घंटा. अजून? खाली कुणीतरी पत्रा ठोकतंय. अकरा मिनिटांत गाडी दारात. तुमचंही तेच करू. शब्द ठरला तेव्हा कुठे होतात?"

"जेवायला बसलो होतो."

"डोळे मिटा. ऐकू काय येतंय?"

मी डोळे मिटले. हॉस्पिटलचा वास राहिला, आवाज गेले. आणि इतक्या वर्षांत प्रथमच मी माझी काठी माझ्या स्वतःच्या घराच्या फरशीवर टेकवली.

आधी पंखा. त्याच्या एका पात्याचा स्क्रू ढिला आहे, दर फेरीला एक बारीक टक. मग ताटलीवर चमचा. मुलगी चमचा ताटलीवर ओढते, बायको म्हणते, "दात शिवशिवतात गं." खाली कुणाची तरी दुचाकी सुरू होत नाही. मग मुलीचा आवाज, वही उघडल्याचा, "आई, लवकर ठरव ना, उद्या बाईंना सांगायचंय, म्हणजे शब्द नाही सांगायचा, ठरवला एवढंच." बायको काहीतरी सुचवते. तो शब्द ऐकू येत नाही. मुलगी म्हणते, "हा सगळ्यांना येईल." बायको आणखी काही सुचवते, तोही नाही. त्यांचे शब्द का ऐकू येत नाहीत? कारण त्यांच्यामागे दुसरा आवाज आहे आणि मी त्याच्याकडे गेलेलो आहे. टप्. मग बराच वेळ काही नाही. टप्, टप्. स्वयंपाकघरातला नळ. मी हात ताटात ठेवून त्या नळाला ऐकतोय. तीन थेंब लागोपाठ, मग थांबा, मग एक. ओट्यावर नाही पडत, पातेल्यात पडतोय, पातेल्यात दोन बोटं पाणी आहे. मी हे बाईंना सांगत होतो, मोठ्याने, बाकावर बसून, आणि शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा माझ्याकडे वळून पाहत होता. "मग?" बाई म्हणाल्या. मग मुलगी म्हणते, "बाबा, तू सांग." आणि मी... मी तिच्याकडे पाहतो का? पाहतो. तिच्या तोंडाकडे पाहतो, कान नळाशी आहेत, आणि माझ्या तोंडून...

"थांबा," हवालदारबाई म्हणाल्या. "एकदम थांबा. तुम्हाला सापडला."

"हो."

"मला सांगू नका. तो माझ्यासाठी नाही. तिच्या हातात फोन देते."

आणि मग मी ऐकलं, मी, ज्याला खात्यात कान म्हणतात. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा खरखराट. मग शाळेच्या फाटकाबाहेरची खडी आणि तिच्यावर जड बूट. एक, दोन, तीन. त्या लांब जात होत्या. शब्द त्यांना ऐकू येऊ नये म्हणून. त्यांना ऐकू आला असता तर काय बिघडलं असतं? सगळं बिघडलं असतं. ज्या बाईंचे कान कुणाचाही आवाज उचलू शकतात त्यांनी स्वतःचे कान तिथून उचलून नेले. सात, आठ. माझ्या आयुष्यात मला इतका मान कुणी दिला नव्हता, आणि तो देताना त्यांची माझ्याकडे पाठ होती. दहा. बूट थांबले.

"शब्द सांग," मुलगी म्हणाली. "हा शेवटचा."

"वॉशर," मी म्हणालो.

त्या दिवशी ती म्हणाली होती, बाबा, तू सांग. आणि मी म्हणालो होतो, वॉशर. म्हणजे, नळाचा वॉशर गेलाय. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं होतं आणि त्या इतक्या हसल्या होत्या की बायकोला ठसका लागला, आणि मुलीने वहीत काहीही न लिहिता म्हटलं होतं, "हाच. हा कुणालाच येणार नाही." मीही हसलो होतो, त्या का हसतात ते न कळता. तोच शब्द. माझाच. त्यांनी माझं लक्ष नसणं उचलून घेतलं होतं आणि घराच्या दाराला कडीसारखं लावलं होतं.

पलीकडे श्वास. सर्दीचा, ओढलेला. मग आवाज आला, आणि त्यात मी होतो.

"बाबा, आई कशी आहे? कुठे लागलंय? ती रडत होती का? रक्त आलं का? बाबा, ती मरणार नाही ना? तू एकटाच आहेस का तिथे?"

सगळे प्रश्न होते. इतका वेळ तिने ते दातांमागे धरून ठेवले होते, कारण खोट्या माणसाला आई कशी आहे असं विचारायचं नसतं. मी एकेकाचं उत्तर दिलं. जिथे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणालो. शेवटी ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहीतच नसेल," आणि रडायला लागली, आणि खडीवरून बूट धावत आले.

साडेसहाला त्या दोघी जिन्यातून वर आल्या. मुलीच्या हातात अर्धं बिस्किट होतं. मी पुढे झालो तर हवालदारबाईंनी हात आडवा धरला. "एक मिनिट." खाली वाकून मुलीला विचारलं, "हे तुझे बाबा?" मुलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चिखलाच्या बुटांपर्यंत. "हो," ती म्हणाली. मग हात बाजूला झाला. मला एका कागदावर सही करायला लावली, वेळ लिहायला लावली. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्या भिंतीवरच्या डागाकडे पाहून म्हणाल्या, "हे वरून गळतंय ना?" मी म्हणालो, हो, मोरीचा जोड. "मग सांगा की कुणाला तरी. बघत काय बसलात?" आणि सकाळी आठला त्यांची पुढची शाळा आहे म्हणून गेल्या. सव्वासातला डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, कपाळावर टोपीचा वळ होता. म्हणाले, जमलं.

वरच्या मजल्यावर जाऊन मी सांगून आलो, जोडाबद्दल.

त्यांच्या फायलीत माझं एक पत्र आहे, तिथे दुसरं असावं म्हणून मी लिहायला बसलो होतो. ते हे असं वाकडंतिकडं झालं. पहिल्या पत्रातलं अक्षर चांगलं होतं, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. जुना शब्द मी इथे उघड लिहिला आहे, कारण तो कामाला आला आणि जळाला. नवा ठरला तो तिसऱ्या दिवशी, दुपारी, बायकोला उशीला टेकून बसवल्यावर. तिने डोळे उघडून पहिलं विचारलं ते, "नळ?" मी म्हणालो, "नाही अजून." ती हसायला गेली आणि टाके ओढले म्हणून थांबली. हवालदारबाई तेव्हा खोलीतच होत्या, दोन संत्री घेऊन आलेल्या, स्टुलावर, टोपी मांडीवर उलटी. मुलगी म्हणाली, "नवा शब्द मी शोधलाय," आणि पलंगाला वळसा घालून माझ्याकडे आली. आईकडे नाही, आधी माझ्याकडे. तिने दोन्ही हातांची वाटी केली आणि माझ्या कानाला लावली.

हवालदारबाई उठल्या. संत्रं तसंच ठेवून दाराबाहेर गेल्या. फरशीवर बूट जरा वेगळे वाजतात. मी मुलीचा शब्द ऐकला, पूर्ण, शेवटच्या गिळलेल्या अक्षरासकट, आणि ऐकता ऐकता पावलंही मोजली.

दहा.